चिलखती गाड्यांच्या रिसाल्यांचा युद्धइतिहास कसा शोधायचा : मराठवाड्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात हा प्रश्न दोन वाटांनी पुढे येतो. पहिली वाट घरातली. "आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात चिलखती गाडीवर होते" असं कुणीतरी सांगत आलेलं असतं आणि नातवाला ते तपासून पाहावंसं वाटतं. दुसरी वाट गावातली. सप्टेंबर १९४८ मध्ये नळदुर्ग, उमरगा, तुळजापूर, जालना या भागांतून ज्या गाड्या आणि रणगाडे गेले ते कोणत्या रिसाल्याचे होते, हे गावाच्या इतिहासात नीट लिहायचं असतं.

दोन्ही वाटा पुढे एकमेकींना मिळतात. पोलीस ॲक्शनमध्ये, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या १९४८ च्या लष्करी कारवाईत, सोलापूरकडून आत शिरलेल्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल जे. एन. चौधरी हे १९४५ मध्ये ब्रह्मदेशात १६ लाइट कॅव्हलरी या चिलखती गाड्यांच्या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते. त्यांचे वरिष्ठ, सदर्न कमांडचे लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी, हेही घोडदळातलेच. एप्रिल १९४१ मध्ये लिबियातल्या मेकिली इथे शत्रूचा वेढा फोडून त्यांनी सेकंड रॉयल लान्सर्सचा स्क्वाड्रन, म्हणजे रेजिमेंटचा एक भाग, बाहेर काढला आणि डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळवला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. म्हणजे १९४८ चा मराठवाडा समजून घ्यायचा तर मेकिली आणि ब्रह्मदेशातल्या मेइक्तिलापर्यंत मागे जावं लागतं.

या कामात एक नियम मी कटाक्षाने पाळतो : माणसाचं नाव शेवटी शोधायचं. आधी तारीख, मग जागा, मग तुकडी, मग गाडी आणि सगळ्यात शेवटी माणूस. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, आजोबांचं नाव गुगलवर टाकतात आणि हाती काही लागत नाही म्हणून सोडून देतात.

पायरी १ : प्रश्न एका ओळीत लिहा

"१६ लाइट कॅव्हलरीचा इतिहास" हा शोधाचा प्रश्न नव्हे, तो ग्रंथाचा विषय झाला. "मार्च १९४५ मध्ये मेइक्तिलाच्या लढाईत १६ लाइट कॅव्हलरीचा कोणता स्क्वाड्रन कुठे होता?" किंवा "१४ सप्टेंबर १९४८ च्या सुमारास जालन्यात आलेले रणगाडे कोणत्या रेजिमेंटचे?" हे प्रश्न झाले. त्यांचं उत्तर मिळतं किंवा मिळत नाही, पण आपण कुठे आहोत हे कळत राहतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर छापील साधनांतही आहे. जालन्याकडे ३ शीख (शीख रेजिमेंटची तिसरी बटालियन), २ जोधपूर इन्फंट्रीची एक कंपनी आणि १८ कॅव्हलरीचे काही रणगाडे होते आणि तिथे हैदराबादच्या फौजेने चिवट प्रतिकार केला. हीच १८ कॅव्हलरी १९४१ मध्ये तोब्रुकच्या वेढ्यात पायदळासारखी खंदकांत लढली होती. एका प्रश्नातून पुढचा प्रश्न असा निघत जातो.

पायरी २ : घरातली पेटी

डिस्चार्ज बुक, पे-बुक, पेन्शनचा कागद, पदकं, फोटो, पत्रं. जे असेल ते बाहेर काढा आणि दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. कोऱ्या दिसणाऱ्या मागच्या पानावर शिक्का असू शकतो. डिस्चार्ज बुकात सगळ्यात मोलाचा असतो सैनिक क्रमांक. नावांचं स्पेलिंग चार कागदांत चार प्रकारचं असतं, क्रमांक सहसा बदलत नाही.

दुसऱ्या महायुद्धातली भारतीय सैनिकांची पदकं आणि स्टार यांवर अनेकदा क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल कोरलेलं असतं : स्टारच्या पाठीवर, गोल पदकाच्या कडेवर. बोटाने चोळून नव्हे, तिरप्या उजेडात भिंगाने वाचा. ब्रासोने पदक घासू नका, अक्षरं जातात. नावापुढे आयएसी असेल तर इंडियन आर्मर्ड कोअर. आरआयएएससी असेल तर रसद आणि वाहतुकीचं दल, म्हणजे आजोबा लॉरी चालवत असण्याची शक्यता जास्त. लॉरी चालवणं हलकं काम नव्हतं. इरावतीपलीकडे पेट्रोल पोहोचलं नसतं तर चिलखती गाड्या जागेवरच उभ्या राहिल्या असत्या.

हुद्दा पाहा. शिपाई, नाईक, हवालदार हे हुद्दे पायदळाचे आणि इतर दलांचे. स्वार, दफेदार, रिसालदार हे घोडदळाचे, आणि घोडे जाऊन गाड्या आल्यावरही ते तसेच राहिले. जमादार दोन्हीकडे असे, त्यावरून निर्णय देऊ नका. आपल्याकडे दफेदार हा कलेक्टर कचेरीतही असतो. त्यामुळे "आजोबा दफेदार होते" एवढ्यावर त्यांना फौजेत भरती करू नका.

एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चिलखती रेजिमेंटांची भरती त्या काळात मुख्यतः पंजाब, राजपुताना आणि उत्तर हिंदुस्थानातल्या ठरावीक समाजांतून होत असे. शिवाय मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथला माणूस ब्रिटिश हिंदी सैन्यात गेला असेल तर मराठा लाइट इन्फंट्री, १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट, अभियंते, वाहतूक किंवा वर्कशॉप या दलांत सापडण्याची शक्यता अधिक. तो निजामाच्या स्वतःच्या फौजेत असेल तर त्याचं दफ्तरच वेगळं. ती फौजही महायुद्धात बाहेर गेली होती. डिसेंबर १९४१ मध्ये मलायातल्या कोटा भारूच्या विमानतळाच्या बंदोबस्तावर पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. तेव्हा घरातली कथा आणि कागद जुळले नाहीत तर कागदाचं ऐका, मात्र कथा फेकून देऊ नका. वर्कशॉपचा मेकॅनिक चिलखती गाडीखाली महिनोन्‌महिने झोपलेला असतो. "गाडीवर होतो" हे त्याचं म्हणणं खोटं कसं म्हणणार?

पायरी ३ : रेजिमेंटची कुळी लावा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढे सगळं चुकतं. हिंदी घोडदळाची नावं आणि क्रमांक तीनदा उलटेपालटे झाले : १९०३ मध्ये, मग १९२१-२२ मध्ये ३९ रेजिमेंटांच्या २१ करताना, आणि शेवटी १९४७ च्या फाळणीत.

मराठवाड्याशी थेट संबंध असलेलं उदाहरण घेऊ. निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे होत्या. या कंटिंजंटच्या घोडदळातून १९०३ नंतर २० डेक्कन हॉर्स, २९ लान्सर्स (डेक्कन हॉर्स) आणि ३० लान्सर्स (गॉर्डन्स हॉर्स) अशी नावं आली. १९२१-२२ मध्ये पहिल्या दोन एकत्र होऊन ९ रॉयल डेक्कन हॉर्स झाली. गॉर्डन्स हॉर्स मात्र २६ लाइट कॅव्हलरीत मिसळून ८ लाइट कॅव्हलरी झाली. आता गंमत पाहा. नावात 'डेक्कन' असलेली रेजिमेंट ब्रह्मदेशात शर्मन रणगाड्यांवर लढली आणि चिलखती गाड्या आल्या त्या ८ लाइट कॅव्हलरीकडे, जिच्या नावात दख्खनचा मागमूस नाही. नावावरून कुळी लावणाऱ्याला अंबाजोगाई-हिंगोलीचा हा धागा कधीच दिसणार नाही.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर चिलखती गाड्या घेऊन लढलेल्या प्रमुख भारतीय रेजिमेंटा म्हणजे ८ लाइट कॅव्हलरी, ११ कॅव्हलरी (प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर्स ओन) आणि १६ लाइट कॅव्हलरी. इराक-सीरियात १९४१ मध्ये १३ लान्सर्स. इटलीत डिव्हिजनच्या टेहळणी रेजिमेंट म्हणून ६ लान्सर्स आणि स्किनर्स हॉर्स. यातली कोणतीही रेजिमेंट युद्धभर एकाच प्रकारच्या वाहनावर नव्हती. आज ट्रक, उद्या कॅरिअर, परवा चिलखती गाडी. म्हणून "ही चिलखती गाड्यांची रेजिमेंट होती का?" असं विचारू नका, "अमुक महिन्यात होती का?" असं विचारा.

फाळणीत १२ रेजिमेंटा भारताकडे आल्या आणि ६ पाकिस्तानकडे गेल्या : ५, ६, १०, ११, १३ आणि १९ या क्रमांकांच्या. स्क्वाड्रनांची अदलाबदलही झाली. तुमचा माणूस ११ कॅव्हलरीत असेल तर रेजिमेंटचं मेस, ट्रॉफ्या आणि रेजिमेंटल इतिहास आज सीमेपलीकडे आहे. हे आधी कळलं की भलत्या कार्यालयाला पत्रं लिहिण्यात वर्ष जात नाही.

पायरी ४ : फोटोतली गाडी ओळखा

जुन्या फोटोच्या मागे कुणीतरी "टँकसोबत" असं लिहिलेलं असतं आणि समोर टँक नसतोच. पहिली खूण म्हणजे चाकं की पट्टे. पट्ट्यांवरची, वरून उघडी, कमरेएवढी ठेंगणी गाडी असेल तर ती ब्रेन कॅरिअर. ती पायदळाकडेही असे. चार चाकांची, वरून उघडी, घुमट (तोफेचा फिरता बुरूज) नसलेली पत्र्याची पेटी दिसली तर बहुधा भारतात बनलेली 'टाटानगर' : फोर्डच्या सांगाड्यावर जमशेदपूरला बसवलेली चिलखती कॅरिअर.

घुमट आणि चार चाकं असतील तर खरी चिलखती गाडी. भारतीय रेजिमेंटांत शेवटच्या दोन वर्षांत मुख्यतः दोन : हंबर आणि डेमलर. हंबरच्या आधीच्या आवृत्त्यांवर १५ मिलिमीटरची बेसा मशीनगन, चौथ्या आवृत्तीवर ३७ मिलिमीटरची तोफ. डेमलरवर टू-पाउंडर तोफ, आणि मागच्या बाजूला दुसरं स्टिअरिंग. अरुंद रस्त्यावर शत्रू समोर आला तर गाडी न वळवता तशीच मागे पळवता यावी म्हणून. डेमलरचीच धाकटी, बिनघुमटाची टेहळणी गाडी म्हणजे डिंगो. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या फोटोत जुन्या क्रॉस्ली किंवा शेव्हरोलेच्या सांगाड्यावरच्या गाड्या भेटतात.

मग आकडे. ब्रिटिश पद्धतीच्या वाहनांवर रंगवलेल्या क्रमांकाआधीचं इंग्रजी अक्षर वाहनाचा वर्ग सांगतं. एफ असेल तर चिलखती किंवा टेहळणी गाडी, टी असेल तर पट्ट्यांची. मडगार्डवरचं चौकोनी चिन्ह डिव्हिजनचं किंवा ब्रिगेडचं. फोटो किमान ६०० डीपीआयला स्कॅन केला तर हे चिन्ह वाचता येण्याची आशा असते. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फोटोत ते हमखास हरवतं.

खरी गाडी डोळ्यांनी पाहायची असेल तर लांब जायला नको. संभाजीनगर-बीडकडून काही तासांवर अहिल्यानगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ मध्ये उघडलेलं. तिथे रोल्स-रॉईसची चिलखती गाडीही उभी आहे. आपला फोटो सोबत न्या. गाडीशेजारी माणूस उभा राहिला की फोटोतल्या गाडीची उंची लगेच लक्षात येते.

पायरी ५ : युद्धदैनंदिनी

खरं सोनं इथे आहे. युद्धावर असलेल्या प्रत्येक तुकडीला महिनावार वॉर डायरी लिहावी लागे. रकाने ठरलेले : जागा, तारीख, वेळ, घडलेल्या गोष्टींचा सारांश. मागे जोडपत्रं : हुकूम, नकाशे, कधीकधी लढाईचा सविस्तर अहवाल. पुष्कळदा मुख्य पानं कोरडी असतात आणि सगळी हकिकत जोडपत्रांत दडलेली असते. म्हणून प्रत मागवताना "जोडपत्रांसह" हे आवर्जून लिहा.

परदेशी आघाड्यांवरच्या भारतीय तुकड्यांच्या डायऱ्यांचा मोठा साठा लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहे. तीन मालिका लक्षात ठेवा. आग्नेय आशिया आणि ब्रह्मदेशासाठी डब्ल्यूओ १७२, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी डब्ल्यूओ १६९, इटलीसाठी डब्ल्यूओ १७०. त्यांची 'डिस्कव्हरी' ही सूची घरबसल्या फुकट चाळता येते. शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत मालिकेचा क्रमांक आणि रेजिमेंटचं त्या काळचं नाव टाका. पायरी ३ नीट केली असेल तर इथे तिचा उपयोग होतो. सूचीत नाव कधी पूर्ण, कधी आद्याक्षरांत असतं. दोन्ही तऱ्हा करून पाहा. प्रती पैसे भरून मागवता येतात, पण दर पानावर असल्याने खर्च चढतो. कुणी नातेवाईक लंडनला असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय तोच. वाचककार्ड काढून स्वतःच्या कॅमेऱ्याने पानांचे फोटो घ्यायला तिथे पैसे पडत नाहीत.

दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आणि राष्ट्रीय अभिलेखागार ही दोन ठिकाणं. अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आधी चाळा, बऱ्याच फायली स्कॅन झालेल्या आहेत. लष्करी इतिहासावर काम करणारी युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संस्थाही दिल्लीतच आहे. तिथल्या ग्रंथालयात रेजिमेंटल इतिहास एकत्र सापडतात.

डायरी हातात आली की पहिल्या वाचनात निम्मी कळत नाही, घाबरू नका. व्हीसीओ म्हणजे व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर : जमादार, रिसालदार. आयओआर म्हणजे इंडियन अदर रँक्स, म्हणजे बाकी सगळे जवान. 'हारबर' म्हणजे रात्री गाड्या गोलाकार लावून केलेला मुक्काम, बंदराशी त्याचा संबंध नाही. सहा आकडी संख्या म्हणजे नकाशावरचा ठिकाणा. पहिले तीन आकडे पूर्वेकडचे, पुढचे तीन उत्तरेकडचे. टेक्सास विद्यापीठाच्या नकाशा-संग्रहात जुने अमेरिकी लष्करी नकाशे फुकट उतरवून घेता येतात, भारताचेही आणि ब्रह्मदेशाचेही. गावांचा अंदाज घ्यायला ते पुरतात. मात्र सहा आकड्यांचा बिंदू अचूक लावायचा असेल तर डायरीत उल्लेखलेलाच नकाशा हवा.

आता चिलखती गाड्यांची खास अडचण. पायदळाची बटालियन बहुधा एकत्र लढते, चिलखती गाड्यांची रेजिमेंट कधीच नाही. तिचं कामच टेहळणी, रस्त्यांची गस्त, बाजूंचं रक्षण, ताफ्यांची सोबत. एक स्क्वाड्रन एका ब्रिगेडला, दुसरा दुसऱ्या डिव्हिजनला, एखादा ट्रूप कुठल्याशा पुलावर. रेजिमेंटची डायरी लिहिणारा अधिकारी हेडक्वार्टरला बसलेला. दूरच्या स्क्वाड्रनचं त्याला जेवढं कळलं तेवढंच तो लिहिणार, तेही दोन दिवस उशिरा. म्हणून तुकडी ज्या-ज्या ब्रिगेड-डिव्हिजनला जोडलेली होती त्यांच्या डायऱ्याही वाचाव्या लागतात.

१६ लाइट कॅव्हलरीवर हे लावून पाहू. फेब्रुवारी १९४५ मध्ये ती २५५ इंडियन टँक ब्रिगेडमध्ये होती. तिच्याच बरोबर प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स, दोन्ही शर्मनवर. ही ब्रिगेड १७ व्या इंडियन डिव्हिजनसोबत इरावतीच्या पलीकडच्या तळावरून सुटली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेइक्तिला पडलं. नंतर जपान्यांनीच मेइक्तिलाला घेरलं. मग एप्रिलमध्ये प्याब्वे, आणि तिथून रंगूनचा रस्ता. तेव्हा किमान तीन डायऱ्या : रेजिमेंट, २५५ ब्रिगेड, १७ डिव्हिजन. प्याब्वेच्या सुमारास 'क्लॉडकॉल' हे नाव भेटेल. ब्रिगेडियर क्लॉड पर्ट यांच्या नावावरून पडलेलं हे एका तात्पुरत्या पथकाचं नाव. अशी पथकं आठवडा-दोन आठवडे जगतात, सूचीत त्यांची स्वतंत्र नोंद नसते आणि नवखा वाचक नेमका इथे आपला स्क्वाड्रन हरवून बसतो. नाव ओळखीचं नसेल तर त्या तारखेचा ब्रिगेडचा हुकूम काढा. पथकात कोण-कोण होतं याची यादी त्यात असते.

याच रेजिमेंटबद्दल आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते : क्वेट्ट्याहून इंफाळपर्यंत सुमारे साडेतीन हजार मैल ती स्वतःच्या चाकांवर आली. सरावासाठी हा उत्तम विषय आहे. डायरीतले मुक्काम तारखेसह एका कागदावर उतरवा, नकाशावर जोडा, अंतराची बेरीज करा आणि कोणत्या टप्प्यावर काय मोडलं, कुठे किती थांबले ते पाहा. अभिमानाच्या वाक्यात हे तपशील नसतात आणि रेजिमेंट खरी कळते ती त्यांतूनच.

डायऱ्या मिळेपर्यंत हात बांधून बसू नका. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली निघालेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैन्याच्या अधिकृत इतिहासाचे खंड स्कॅन स्वरूपात इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. आधी ते वाचा, तारखांचा सांगाडा उभा राहतो. रेजिमेंटल इतिहास त्यानंतर. तो सहसा निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिलेला असतो. त्यात पोलोचे सामने चार पानं आणि स्वारांची नावं चार ओळी असा हिशेब असतो, हे गृहीत धरूनच वाचायचं.

पायरी ६ : मृत आणि सन्मानित

नाव शोधायची वेळ आता. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दल, तारीख आणि देश लावून शोधता येतं. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होत असल्याने त्यांची नावं थडग्यांवर नव्हे, स्मारकांवर असतात; ब्रह्मदेशसाठी बहुतेक रंगूनजवळच्या तौक्यान इथे. भारतीय जवानांच्या नोंदीत आडनाव बहुधा नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जिल्हा. म्हणून आडनावाने शोधू नका, गावाच्या नावाने शोधा. औरंगाबाद लिहिलं असेल तर पुढचा प्रांत वाचल्याशिवाय आनंदू नका, बिहारातही एक औरंगाबाद आहे. कमिशनची यादी ३१ डिसेंबर १९४७ ला संपते. पोलीस ॲक्शनमधला मृत्यू तिथे नसणार.

शौर्यपदकांसाठी लंडन गॅझेट हे ब्रिटिश सरकारी राजपत्र, आणि शिफारशींसाठी क्यूची डब्ल्यूओ ३७३ ही मालिका. गॅझेटमध्ये बहुधा नुसतं नाव असतं. कोणत्या तारखेला, कोणत्या पुलावर, काय केलं हे शिफारशीत असतं. एखाद्या दफेदाराबद्दल इंग्रजीत लिहिलेला तो अर्धा-पाऊण पानाचा मजकूर हा पुष्कळदा त्याच्याविषयीचा एकमेव लिखित तपशील असतो.

पायरी ७ : १९४८, आपल्या अंगणात

इथे कागदांची जातच बदलते. १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून फौज आत आली. नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आत २ शीखने ताब्यात घेतला आणि मग उमरग्याच्या दिशेने गाड्या सुटल्या. सोलापूरच्या फळीचे चार भाग होते, स्ट्राइक, स्मॅश, किल आणि वीर. चिलखती तुकड्यांचा मुख्य भार स्मॅश फोर्सवर. औरंगाबादकडे मेजर जनरल डी. एस. ब्रार यांचे सहा स्तंभ. १७ च्या संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली, १८ ला हैदराबादच्या फौजेचे प्रमुख जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने या कारवाईवर एस. एन. प्रसाद यांचा ग्रंथ १९७२ मध्ये काढला. लष्करी सांगाड्यासाठी सुरुवात तिथूनच करा.

निजामाच्या बाजूचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात, मुख्यतः उर्दूत. उर्दू येत नसेल तर संभाजीनगरात वाचून देणारी माणसं अजून आहेत. एखाद्या महाविद्यालयाच्या उर्दू विभागात चौकशी करा आणि वाचणाऱ्याला मेहनताना द्या, फुकटात उरकू नका. तारखा फसली, म्हणजे महसुली, सनात असतात. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. त्यामुळे फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. जिल्हेही आजचे नव्हेत. तेव्हा मराठवाड्यात पाचच होते : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. लातूरचा कागद उस्मानाबादच्या बस्त्यात, हिंगोलीचा परभणीच्या, जालन्याचा औरंगाबादच्या. जुन्या इंग्रजी कागदांत बीडला भीर आणि नांदेडला नांदेर लिहिलेलं असतं.

संभाजीनगरच्या स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्थेत मुक्तिसंग्रामाची साधनं आहेत. लष्करी तपशील त्यांत कमी. पण कोणत्या गावात फौज कधी पोहोचली, हे स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत अनपेक्षितपणे सापडतं. पुण्याच्या 'केसरी' आणि 'सकाळ'चे सप्टेंबर १९४८ चे अंकही चाळा, मात्र युद्धाच्या बातम्या एक-दोन दिवस मागे चालतात हे धरून.

आणि माणसं. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीच्या आसपास आहेत, म्हणून हे काम आधी करा, क्यूच्या प्रती पुढच्या वर्षी आल्या तरी चालतील. "रणगाडा आला होता का?" असं विचारलं तर उत्तर 'हो'च येणार, कारण गावाच्या बोलीत प्रत्येक लोखंडी गाडी रणगाडाच असते. त्याऐवजी विचारा : चाकं होती की पट्टे? वरून माणूस दिसत होता का? रस्त्यावर कशा खुणा उमटल्या? पोळ्याच्या आधी की नंतर? गणपती बसले होते का? त्या पिढीला सण पक्के आठवतात आणि १९४८ च्या पंचांगावरून तारीख काढता येते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांचा छळ झाला आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर अत्याचार झाले. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावं घेतली आहेत. तुम्ही गाडीचा प्रकार विचारायला गेलेले असता आणि समोरच्या म्हाताऱ्या आजींना त्या दिवसांत गेलेला भाऊ आठवतो. तेव्हा वही मिटायची. रेकॉर्डिंग आधी विचारून सुरू करा, नाव छापायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या, आणि दोन्ही समाजांच्या घरी जा. एकाच गल्लीत विचारून लिहिलेला गावाचा इतिहास अर्धाच असतो, आणि छापून आल्यावर तोच पुढे पूर्ण म्हणून वाचला जातो.

पायरी ८ : रेकॉर्ड ऑफिसला पत्र

भारताकडे आलेल्या चिलखती रेजिमेंटांच्या जवानांसाठी अहिल्यानगरचं आर्मर्ड कोअर रेकॉर्ड्स. वारस म्हणून अर्ज करा : सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, भरतीचं गाव आणि तेव्हाचा जिल्हा, नात्याचा पुरावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढे पाठवला तर पत्ता आणि मसुदा दोन्ही ठीक होतात. क्रमांक नसेल तर अपेक्षा कमी ठेवा. ब्रिटनमध्ये भारतीय जवानांच्या सेवापुस्तिका नाहीत, तिकडे त्यासाठी पैसे घालवू नका.

पायरी ९ : जुळवणी

एक्सेलमध्ये एकच तक्ता करा. तारीख, जागा, तुकडी, काय घडलं, कुठून कळलं. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका, "काकांनी सांगितलं" हेही तिथे लिहा. दोन साधनं भांडत असतील तर दोन्ही ओळी ठेवा, एक खोडून टाकू नका. तारखांत एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक दिसला तर बहुधा कुणीच खोटं बोलत नसतं. स्क्वाड्रनने त्या दिवशी लिहिलं आणि हेडक्वार्टरला ते दुसऱ्या दिवशी कळलं एवढंच. आठवडाभराचा फरक असेल तर मात्र दोन वेगळ्या तुकड्या एकत्र झाल्यात का ते तपासा.

घरचे मूळ कागद कुणालाही देऊ नका, संग्रहालयालाही लगेच नको. आधी पूर्ण स्कॅन करा, फायलीच्या नावात तारीख आणि तुकडी घाला, आणि एक संच तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवा. पदकांच्या कोरीव अक्षरांचे फोटो त्यात विसरू नका. पदक विकलं जातं, वाटणीत जातं, पण त्यावरच्या क्रमांकाचा फोटो वाचनालयात असला तर पुढच्या शोधणाऱ्याला पायरी २ पासून सुरुवात करावी लागत नाही.